गेटात अडकली माटोळी

मी गोव्यात साखळीला, बाजाराकडे पुराचं पाणी उपसायच्या पंपावर असतो. लोक म्हणतात तुला काय, बटण दाबायचं. अरे बाबा, पंप नंतर, आधी गेट. बाजाराचा नाला वाळवंटी नदीत पडतो तिथे लोखंडी गेट आहे, नदी नाल्यापेक्षा वर चढली की ते खाली सोडायचं, नाहीतर नदी उलटी बाजारात शिरते, आणि गेट पडलं की आत कोंडलेलं पावसाचं पाणी पंपाने भिंतीपलीकडे टाकायचं.

त्या दिवशी चतुर्थी होऊन आठवडा झाला होता. केरी, चोर्ला घाटात रात्रभर धो धो. अंजुणे धरण 93.2 मीटरच्या पूर्ण पातळीला टेकत आलेलं, सकाळीच फोन आला, दारं थोडी थोडी उघडतोय. लोक धरणवाल्यांना शिव्या घालतात, पण माथ्यावरून पाणी गेलं तर धरणालाच धोका, सोडावंच लागतं. त्यात वाळवंटी खाली जिला मिळते त्या मांडवीला भरती, म्हणजे पाणी ओसरणार कुठे. त्रिपुरी पौर्णिमेला विठ्ठलापूरला याच नदीत सजवलेल्या होड्या सोडतात, त्या दिवशी ती ओळखू येईना.

चाक फिरवलं, गेट उतरलं आणि वीतभर राहिलं तिथे अडकलं. जोर लावायची सोय नाही, स्पिंडल, म्हणजे गेट वरखाली करणारा दांडा, वाकला तर ना वर ना खाली. टॉर्च मारला तर माटोळीची चौकट, चतुर्थीला गणपतीच्या वर फळं-सुपाऱ्या टांगतात ती लाकडी! काथ्याच्या गाठींसकट, आडवी. पावसाआधी नाला साफ केला म्हणे, चतुर्थीनंतर कोण बघतो.

फटीतून नदी आत यायला लागली. जोडीदार खाली उतरायला निघाला, मी त्याचा शर्टच धरला. मग म्हटलं गेट उलट वर घेऊया, नदीच लाकूड आत ढकलेल. हातभर वर घेतलं तर पाणी भसकन आत, मागून दुकानवाले काका ओरडतायत, "अरे वर काय घेतोस, बुडवतोस काय आम्हाला!" मला ऐकू येत होतं, उत्तर द्यायला वेळ नव्हता. चौकट हलली, जोडीदाराने बांबूच्या आकड्याने बाजूला ओढली, मी चाक भराभर फिरवून गेट खाली घेतलं. ठक्क. तो आवाज कधी एकदा येतो असं झालेलं.

पंप सुरू झाले. काकांच्या दुकानाची पहिली पायरी भिजली, दुसरी नाही. दुपारनंतर ओहोटी लागली, नदी उतरली, गेट वर घेतलं. तेव्हा काका चहा घेऊन आले, सकाळचं काही बोलले नाहीत, मीही नाही. फक्त चौकटीकडे बघत म्हणाले, "सुपारीचा घोस अजून तसाच आहे की रे."