फळीची खालची बाजू

विंडोज एक्सपीच्या दिवसांत साहेबांची नजर चुकवून ऑफिसच्या संगणकावर ‘स्पेस कॅडेट’ खेळलेल्यांना पिनबॉल म्हणजे डावीकडचं ‘झेड’ आणि उजवीकडचं ‘स्लॅश’. गोळी अडली की ‘एक्स’ दाबून टेबल हलवायचं आणि जास्त हलवलं की टिल्ट, म्हणजे ती गोळी गेली. त्या खेळात सगळं होतं, फक्त टेबलाला खालची बाजू नव्हती. खऱ्या यंत्राची काच सरकवून, गोळी जिच्यावर धावते ती फळी उचलून टेकवली, की खाली सुमारे अर्धा मैल वायर, कॉइली (तारेची वेटोळी), पत्तीचे स्विच, दिव्यांचे होल्डर आणि डायोड दिसतात. सुटे भाग मोजले तर साडेतीन हजारांच्या घरात जातात. वरची बाजू डिझायनरची असते. तिच्याबद्दल भरपूर लिहून झालं आहे, तेव्हा इथे खालचं पाहू.

या फळ्या जवळजवळ सगळ्या शिकागोच्या. लाकूडकाम, विजेचे सुटे भाग आणि माल देशभर पाठवायला रेल्वे असं तिन्ही त्या शहरात हाताशी होतं. डेव्हिड गॉटलीबनं १९३१ मध्ये ‘बॅफल बॉल’ काढला. आपल्याकडे सुट्टीत मुलं खेळायची त्या खिळे ठोकलेल्या बॅगाटेलचा हा दुकानी भाऊबंद. काउंटरवर मावणारा, ना वीज ना फ्लिपर (गोळी परत वर उडवणारा, बटणानं हलणारा पंजा), किंमत साडेसतरा डॉलर. मंदीत लोकांना एका सेंटात मिळणारी ही करमणूक इतकी आवडली की गॉटलीबला माल पुरवता येईना. त्याचीच यंत्रं विकणारा रे मोलोनी वाट पाहून वैतागला आणि त्यानं १९३२ मध्ये स्वतःचं ‘बॅलीहू’ बाजारात आणलं. पुढे बॅली ही कंपनी त्याच यंत्राच्या नावावरून ओळखली गेली. ऑर्डर वेळेवर न पोचवून गिऱ्हाइकालाच प्रतिस्पर्धी करून ठेवण्याचं याहून चांगलं उदाहरण शोधावं लागेल.

गंमत म्हणजे ही यंत्रं जिथे बनत त्या शिकागोतच ती सार्वजनिक ठिकाणी ठेवायला कित्येक दशकं बंदी होती. पिनबॉल म्हणजे जुगार, असा समज. न्यूयॉर्कच्या महापौर ला गार्डिया यांनी १९४२ मध्ये यंत्रं जप्त करून घणानं फोडली, आणि तिथली बंदी उठायला १९७६ उजाडलं. ही हकिकत सगळीकडे सांगितली जाते, म्हणून इथे एवढीच.

फळी मेपलच्या प्लायवूडची, साधारण तेरा मिलिमीटर जाडीची. आधी राउटर या लाकूड कोरणाऱ्या यंत्रानं भोकं आणि खाचा पाडायच्या. जिथे दिवा दिसायला हवा तिथे पारदर्शक प्लास्टिकच्या चकत्या चिकटवायच्या आणि सगळं घासून एका पातळीत आणायचं. मग एकेक रंग जाळीच्या स्क्रीननं छापायचा, शेवटी वर लाखेचा किंवा क्लिअर कोटचा पारदर्शक थर. यातली अवघड पायरी घासण्याची. लाकूड आणि प्लास्टिक ऋतूप्रमाणे सारखं फुगत नाहीत. काही वर्षांत चकती कडेनं वर येते किंवा मध्ये खोलगट होते. सत्तावीस मिलिमीटर व्यासाची, ऐंशी ग्रॅम वजनाची पोलादी गोळी त्या कडेवरून दिवसभर गेली, की रंग पहिल्यांदा तिथेच उडतो. जुनं यंत्र घेताना जाणकार माणूस चित्र पाहत नाही, चकत्यांवरून बोट फिरवतो.

खेळाडूसमोर उभ्या असणाऱ्या मागच्या काचेचं चित्रही स्क्रीननंच, पण काचेच्या मागून आणि उलट क्रमानं. पुढून जे सगळ्यात वर दिसायचं ते आधी छापायचं, पांढरा रंग आणि उजेड अडवणारा थर शेवटी. मागच्या दिव्यांच्या उष्णतेनं आणि दमटपणानं हा रंग काचेला सोडून पोपडे धरतो. त्यावर साधा उपाय आहे. ‘४४’ नंबरचा दिवा पाव अँपिअर खातो, तर ‘४७’ नंबरचा ०.१५. होल्डर तोच, व्होल्टेज तेच ६.३. उजेड किंचित कमी पडतो, पण काच वाचते.

आता वायरिंग. कारखान्यातलं हे काम वर्षानुवर्षं बहुतांशी बायकांच्या हातचं. एका मोठ्या फळकुटावर वायरिंगचा पूर्ण मापाचा आराखडा चिकटवलेला आणि वळणावळणावर खिळे ठोकलेले. रांगोळीचे ठिपके जोडत जावं तशी रंगखुणेची एकेक वायर ठरलेल्या खिळ्यांना वळसा घालत पुढे न्यायची, ठरलेल्या जागी फाटा बाहेर काढायचा आणि शेवटी सगळा जुडगा बांधून उचलायचा. तो फळीखाली ठेवला की प्रत्येक फाट्याचं टोक आपापल्या स्विचपाशी पडलं पाहिजे. एखादा फाटा बोटभर आखूड निघाला, तर तो ओढून सोल्डर केला जातो. चाचणीत यंत्र उत्तम चालतं, आणि कुठल्याशा बारमध्ये दोन महिने हादरे खाल्ल्यावर तोच सांधा सुटतो. कच्चं सोल्डर आणि ताणलेली वायर यांचा दोष कारखान्यात कधीच दिसत नाही, म्हणून या टेबलावरच्या बाईचा हात डिझायनरच्या हाताइतकाच महत्त्वाचा. यंत्रावर नाव मात्र डिझायनरचं येतं.

फ्लिपर आला १९४७ मध्ये, गॉटलीबच्या ‘हम्प्टी डम्प्टी’वर, दोन्ही कडांना तीन-तीन असे सहा. पुढच्याच वर्षी जेन्को कंपनीच्या ‘ट्रिपल ॲक्शन’साठी स्टीव्ह कॉर्डेकनं तळाशी दोनच ठेवले. चार फ्लिपर वाचले म्हणजे चार कॉइली, त्यांचे दुवे आणि त्यांचं वायरिंगही वाचलं. नंतरचा सगळा पिनबॉल या दोनांवर उभा आहे.

फ्लिपरची कॉइल जवळून पाहण्यासारखी असते. एकाच रिळावर दोन वेटोळी असतात. जाड तारेच्या वेटोळ्याचा रोध साधारण चार ओहम, बारीक तारेच्या वेटोळ्याचा शंभराच्या वर. बटण दाबलं की जाड वेटोळ्यातून पन्नास व्होल्टला क्षणभर बारा अँपिअर वाहतात, लोखंडी दांडा आत खेचला जातो आणि गोळी उडते. खेळाडूनं बटण दाबून धरलं आणि तोच प्रवाह चालू राहिला, तर कॉइल थोड्याच वेळात धूर काढेल. म्हणून फ्लिपर टोकाला पोचला की तोच एक पत्तीचा स्विच उघडतो, बारीक वेटोळं मार्गात येतं आणि पाव-अर्ध्या अँपिअरवर फ्लिपर नुसता वर धरला जातो. या स्विचची उघडल्यावरची फट दीड ते तीन मिलिमीटर हवी. तो उघडलाच नाही तर फ्यूज जातो, नाही तर कॉइल जळते. त्याचे बिंदू काजळले, तर सुरुवातीपासूनच बारीक वेटोळं आडवं येतं आणि फ्लिपर मरगळतो. ‘कॉइल गेली, नवी टाका’ असं सांगणाऱ्या मेकॅनिकला आधी हा स्विच घासायला सांगावा.

घासण्यालाही नियम आहे. फ्लिपरच्या स्विचचे बिंदू टंगस्टनचे, ते कानशीनं घासायचे. बाकीच्या, फक्त संगणकाला खबर देणाऱ्या स्विचना सोन्याचा पातळ मुलामा असतो. तिथे कानस लावली की स्विच कायमचा बाद. त्यांच्यामधून कोऱ्या व्हिजिटिंग कार्डाची पट्टी ओढली की पुरे.

कॉइलच्या कागदावर नंबर असतो, ‘एई-२३-८००’ असा. तेवीस म्हणजे तारेचा गेज, आठशे म्हणजे वेढे. जास्त वेढे म्हणजे जास्त जोर, असं वाटणं साहजिक आहे, पण व्होल्टेज तेच राहिल्यानं इथे उलट होतं. ‘एई-२६-१२००’ची तार बारीक आणि लांब, रोध जास्त, प्रवाह कमी, म्हणून तिचा धक्का मवाळ. हातात आली ती कॉइल बसवली, की गोळी खड्ड्यातून अर्धीच बाहेर येते आणि परत आत पडते.

१९७७च्या सुमारास रिले आणि आकड्यांच्या फिरत्या चाकांची जागा मायक्रोप्रोसेसरनं घेतली. स्विच आठ ओळी आणि आठ स्तंभांत मांडले, म्हणजे सोळा वायरींवर चौसष्ट स्विच वाचता येतात. अट एकच, प्रत्येकाला डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग, हवा. एकाचा डायोड शॉर्ट झाला तर चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरचे स्विच मिटताच चौथाही मिटल्यासारखा दिसतो, आणि गोळी न लागता गुण मिळायला लागतात. खेळाडू याची तक्रार करत नाही, मालक करतो.

मालकाचा विचार कारखान्यानं नेहमीच केला आहे. कडेच्या ज्या वाटेनं गोळी वाया जाते, तिच्या तोंडाशी असलेल्या रबरी खुंट्यासाठी फळीत बहुधा दोन-तीन भोकं पाडलेली असतात. खुंटा एक भोक सरकवला, की वाट रुंद होते आणि खेळ लवकर संपतो. फळीचा उतारही बदलला. जुन्या यंत्रांना साडेतीन अंशांच्या आसपास, १९९० नंतरच्यांना साडेसहा. उतार वाढला की गोळी वेगानं खाली येते आणि गल्ल्यात नाणीही.

त्या दशकाच्या सुरुवातीला विल्यम्स कंपनीनं फ्लिपरही इलेक्ट्रॉनिक केले. बटण फक्त इशारा देऊ लागलं, मोठा प्रवाह ट्रान्झिस्टरकडे गेला. त्याच सुमाराला, १९९२ मध्ये, बॅलीच्या नावानं निघालेलं ‘ॲडम्स फॅमिली’ २०,२७० नग खपलं. आणि पुढच्या सात वर्षांत सगळं आटलं. गॉटलीबचा वारसा चालवणारा प्रीमियर कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. विल्यम्सनं गोळीसोबत काचेत पडद्याचं प्रतिबिंब दाखवणारी ‘पिनबॉल २०००’ ही मांडणी करून पाहिली, दोन यंत्रं काढली आणि २५ ऑक्टोबर १९९९ला पिनबॉल विभागाला कुलूप लावलं. कॅसिनोतल्या यंत्रांत पैसा जास्त होता. त्यानंतर बरीच वर्षं या धंद्यात नाव घेण्याजोगा एकच कारखाना उरला, गॅरी स्टर्न यांचा. सध्या तो शिकागोजवळ एल्क ग्रोव्ह व्हिलेजमध्ये आहे.

यंत्रं आज बारमध्ये कमी आणि घरात जास्त जातात, त्यामुळे तक्रारीही बदलल्या. नव्या फळीवर गोळीचे बारीक खळगे पडतात. त्यांना घाबरायचं कारण नाही, पुढे खळगे इतके होतात की पृष्ठभाग पुन्हा एकसारखा दिसतो. खुंट्यांच्या बुडाशी क्लिअर कोट सुरकुतला तर मात्र लक्ष घालावं. थर जाड असेल आणि पुरता वाळलेला नसेल, त्यात नट जरुरीपेक्षा जास्त आवळला असेल, तर कोट रंगासकट टवका होऊन निघतो. त्यामुळे कित्येक जण हजारो डॉलरचं यंत्र घरी आल्याबरोबर खुंटे सैल करून त्यांच्याखाली पातळ पारदर्शक वॉशर सरकवतात.