लावणी आणि गणपती यांच्या मधला शनिवार

अध्यक्षपद माझ्याकडे आलं ते दुसरं कोणी घ्यायला तयार नव्हतं म्हणून. आमची जिल्ह्यातल्या सिव्हिल इंजिनियरांची संस्था. रत्नागिरीत एक खोली, एक गंजकं लोखंडी कपाट आणि दोनशेच्या आसपास सभासद. त्यातले निम्मे फक्त व्हॉट्सॲपवर सणावाराच्या शुभेच्छांपुरते जिवंत. वार्षिक सभेत मावळत्या अध्यक्षांनी माझ्याकडे बोट दाखवलं तेव्हा माझ्या तोंडाला चहाचा कप होता. घोट गिळून नाही म्हणेपर्यंत टाळ्या वाजूनही गेल्या.

पहिला कार्यक्रम 15 सप्टेंबर 2023 चा, अभियंता दिनाचा. विश्वेश्वरय्यांची जयंती. हा माणूस पुण्यात इंजिनियर झाला, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागला, खडकवासल्याला 1903 मध्ये स्वयंचलित दरवाजे बसवले त्यानेच. त्यामुळे त्यांचा दिवस आपण थाटात करायचा असं मी मनाशी धरलं होतं. कॅलेंडर मात्र पाहिलं नाही. त्या वर्षी गणेश चतुर्थी 19 सप्टेंबरला होती. कोकणात चतुर्थीच्या चार दिवस आधी माणूस सापडतो कुठे? कोणी घराला रंग काढतोय, कोणी मखराला खिळे ठोकतोय, कोणी मुंबईकर भावाला आणायला स्टेशनवर उभा. हॉलमध्ये मोजून सतरा जण, त्यात दोन केटररची पोरं आणि एक साउंडवाला. बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी मेट्रोच्या बोगद्यांवर पाऊण तास स्लाइड दाखवल्या. शेवटी आभार मानताना मी सवयीने ‘बहुसंख्येने उपस्थित राहिल्याबद्दल’ असं बोलून गेलो. आमचे कोषाध्यक्ष काका मान खाली घालून हसत होते.

घरी जाताना काका म्हणाले, ‘‘पुढच्या वर्षी साउंड नको घेऊ. सतरा माणसांना माइक कशाला?’’

त्या रात्री मी पहिल्यांदा आमच्या लोकांचं वर्ष मांडून पाहिलं. दिवाळीनंतर साइट जोरात, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत कोणी हलणार नाही. मार्चपासून आंबा. आमच्यातल्या निदान साठ जणांची स्वतःची किंवा सासऱ्याची बाग आहे, त्यांना पेट्या भरायच्या असतात. मे महिन्यात पाहुणे आणि पावसाच्या आधी स्लॅब उरकायची घाई. जूनमध्ये पाऊस, जुलैत भाताची लावणी. गणपतीचं तर सांगायलाच नको. उरतो तो लावणी संपल्यापासून चतुर्थीपर्यंतचा तुकडा. कामं पावसाने थंड असतात, शेत लावून झालेलं असतं आणि माणूस पडवीत बसून पागोळ्या मोजत असतो. शिवाय श्रावण. हे वाचून कोणी हसेल, पण श्रावणात जेवणाचा वाद नसतो. एरवी सुट्टीच्या दिवशी आमच्या माणसाला वरण-भातावर दिवसभर बसवून ठेवणं म्हणजे बंदरातून रिकाम्या पिशवीने परत पाठवण्यासारखं. पुढच्या वर्षी दिवसभराची परिषद घ्यायची, तारीख ठरली : शनिवार, 17 ऑगस्ट 2024.

चिटणीस मॅडम नगरपरिषदेत कनिष्ठ अभियंता आहेत. त्या म्हणाल्या, ‘‘सर, घाट बंद पडला तर पाहुणे येणार कसे?’’ मी म्हटलं, पाहुणे बोलवायचेच नाहीत. हे बोललो खरं, पण मग दिवसभर बोलणार कोण, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

जूनमध्ये मी फोन सुरू केले. रोज रात्री जेवणानंतर पाच. सुरुवातीला विचारायचो, ‘‘संस्थेने तुमच्यासाठी काय करावं असं वाटतं?’’ सगळ्यांचं उत्तर एकच, ‘‘काही नाही हो, छान चाललंय.’’ म्हणजे फोन ठेव. आठवडाभराने कंटाळून एका जुन्या वर्गमित्राला वेगळंच विचारलं, ‘‘यंदा कुठल्या कामाने झोप उडवली रे?’’ तो पंचवीस मिनिटं बोलला. वर टणक जांभा लागला म्हणून फुटिंग, म्हणजे पाया, तिथेच थांबवली, पहिल्या पावसात एक कोपरा बसला. खणून पाहिलं तर जांभ्याच्या कवचाखाली साबणासारखी मऊ चिकणमाती. खालचं पाहिलंच नव्हतं. कोकणात हे कोणाला नवीन नाही. वरचा थर चिऱ्याइतका घट्ट, खालचा पाणी प्यायलेला, आणि डोंगर घसरतात तेही बऱ्याचदा तिथूनच. पण चाळीस वर्षं संस्था चालली, आमच्या एकाही कार्यक्रमात यावर कोणी तोंड उघडलं नव्हतं. मेट्रोचे बोगदे मात्र पाहून झाले होते.

तेव्हापासून हाच प्रश्न विचारला. टाकीची गळती, संरक्षक भिंतीला पाणी जायला भोकंच न ठेवल्याने पोट सुटलेली भिंत, चुकीच्या उतारामुळे शाळेच्या वर्गात शिरलेलं पाणी. एकाने तर बारा वाजेपर्यंत फोन सोडला नाही, शेवटी त्याच्या बायकोने घेतला.

परिषदेचा विषय मग आपोआप ठरला : ‘फसलेलं काम’. नियम तीन. मालकाचं, ठेकेदाराचं, गावाचं नाव घ्यायचं नाही. रेकॉर्डिंग नाही. आणि दुसऱ्याच्या चुका नाहीत, फक्त आपल्या.

सूचना ग्रुपवर टाकली आणि ग्रुप चार दिवस मुका झाला. फोनवर तासतासभर बोलणारे कागदावर नाव द्यायला तयार नाहीत. एका ज्येष्ठ सभासदांनी राजीनामाच पाठवला, ‘धंद्याची बदनामी’ म्हणून. मी घरी जाऊन दोनदा विनवलं, ते आले नाहीत. ते मला अजून टोचतं, कारण 1990 च्या दशकात कोकण रेल्वेवर काम केलेली जी दोन-चार माणसं आमच्यात आहेत त्यातले ते एक. पैशाचीही रड. एक सिमेंटवाले सगळा खर्च उचलायला तयार होते, पण त्यांना चाळीस मिनिटं स्टेज हवं होतं. मी व्हरांड्यात टेबल देतो म्हटलं, त्यांनी फोन ठेवला. काकांनी मग पाचशे रुपये प्रवेश फी लावली आणि स्मरणिकेसाठी हार्डवेअरच्या दुकानांतून जाहिराती गोळा केल्या. स्मरणिका कोणी वाचत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण कोकणातली कुठलीही परिषद जाहिरातींवरच चालते, त्याला इलाज नाही.

जुलैअखेर वक्त्यांच्या यादीत एकच नाव होतं, चिटणीस मॅडमचं. त्या मला म्हणाल्या, ‘‘दुसरं नाव तुमचं घाला. नाहीतर मीही नाही.’’

माझं फसलेलं काम कुठलं, हे मला शोधावं लागलं नाही. 2006 साली खाडीकाठी एक बंगला बांधला होता. वाळू खाडीची, धुतलेली नाही. पावसाच्या आत स्लॅब टाकायचा होता आणि नदीची वाळू मिळत नव्हती. सळई काँक्रीटच्या कडेपासून ठरावीक आत राहावी म्हणून खाली कव्हर ब्लॉक ठेवतात; त्यांच्या जागी सळया बांधणाऱ्या बार बेंडरने खडीचे तुकडे सरकवले, मी पाहिलं आणि चालू दिलं. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात समुद्रकाठच्या उघड्या काँक्रीटसाठी 45 मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, आणि एम 30 ताकदीचं काँक्रीट सांगितलंय. मिठातल्या क्लोराइडची मर्यादा सळई असलेल्या काँक्रीटला घनमीटरमागे 0.6 किलो. माझं कव्हर काही ठिकाणी वीसही नव्हतं, काँक्रीट एम 20. काँक्रीटचा अल्कली गुण सळईवर एक पातळ संरक्षक थर धरून ठेवतो, मीठ तो थर फोडतं. मग गंज चढतो, गंजलेली सळई फुगते आणि बाहेरचं काँक्रीट ढकलून देते. 2017 च्या पावसात पुढच्या छज्जाचा बैलगाडीच्या चाकाएवढा तुकडा खाली आला. रात्र होती म्हणून खाली कोणी नव्हतं.

सतरा तारखेला सकाळपासून ओतत होतं. मांडवीच्या किनाऱ्याकडून येणाऱ्यांच्या छत्र्या उलट्या झाल्या होत्या. तरी नऊ वाजता हॉलमध्ये एकशे चार माणसं होती. काका दारात वही घेऊन प्रत्येकाला मोजत होते. दीपप्रज्वलन दोन मिनिटांत उरकलं, शाल-श्रीफळ काढून टाकलं होतं. माइक होता, काकांची माफी मागून.

मी उभा राहिलो आणि छज्जाचे फोटो लावले. वीस मिनिटं बोललो. खडीच्या तुकड्यांपाशी आलो तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी ‘‘हं’’ केलं, आणि त्या ‘हं’मध्ये टीका नव्हती, ओळख होती. संपवलं तर शांतता. पॉलिटेक्निकची आठ-दहा मुलं आम्ही टिपणं घ्यायला बसवली होती. त्यातल्या एका मुलीने हात वर केला.

‘‘सर, घरमालकांना सांगितलं होतंत का?’’

मी म्हटलं, दुरुस्ती स्वतःच्या खर्चाने करून दिली. सैल काँक्रीट काढलं, सळया घासून गंजरोधक लावलं, नवीन मॉर्टर भरलं.

‘‘तसं नाही सर. कशामुळे पडला ते सांगितलं होतंत का?’’

सांगितलं होतं, ‘‘खारी हवा आहे, असं होतंच.’’ हे मला एकशे चार माणसांसमोर बोलावं लागलं. ती मुलगी वहीत लिहीत होती. नाव घ्यायचं नाही, रेकॉर्डिंग करायचं नाही, हे नियम मी केले होते. वहीत लिहायचं नाही असा नियम करायला विसरलो.

त्यानंतर मॅडम टाकीच्या गळतीवर बोलल्या, माझ्यापेक्षा कितीतरी नीट, मोजमापांसकट. मग आयत्या वेळी एकामागून एक पाच जण स्टेजवर आले. जांभ्याखालच्या मातीवर माझा वर्गमित्र बोलला तेव्हा तीन तालुक्यांतल्या तिघांनी आपापल्या जागेची खोली सांगितली आणि मुलांनी फळ्यावर नकाशा काढायला घेतला. जेवण अर्धा तास उशिरा झालं. वालाचं बिरडं गार झालेलं, तरी तक्रार आली ती फक्त सोलकढी पातळ असल्याची.

दुपारी कोकण रेल्वेच्या पानवलच्या पुलाखाली जायचं होतं. जेवल्यावर पंधरा-वीस जण पसार झाले, ते अपेक्षितच होतं. उरलेले दोन बसनी गेलो. पुलाची उंची 64 मीटर, लांबी 424. खाली ओल्या गवतात उभं राहून मान मोडेपर्यंत वर पाहायचं. त्याचा वरचा भाग एका टोकाला ओतून जॅकने थोडा थोडा पुढे ढकलत नेला होता, कारण तेवढ्या खोल दरीत खालून सेंट्रिंगचे टेकू उभे करणार कसे? हे सांगायला राजीनामा दिलेले ज्येष्ठ हवे होते. ते नव्हते म्हणून मी वाचून आलेलं सांगितलं, आणि एका सभासदाने दोनदा दुरुस्त केलं.

पुढे काय झालं ते थोडक्यात. आता महिन्याला एक बैठक असते, हॉलमध्ये नाही, कोणाच्या तरी साइटवर, चहा ज्याची साइट त्याचा. कधी पंचवीस जण येतात, कधी सहा. जांभ्याच्या नकाशात नोंदी वाढतायत. ज्येष्ठ अजून आलेले नाहीत. दिवाळीत फराळ घेऊन गेलो होतो, लाडू घेतले, विषय टाळला.

आणि चतुर्थीच्या आधी, गणपतीची तयारी चालू असताना, मी खाडीकाठच्या त्या घरी गेलो. मालक आता सत्तरीचे. पडवीत बसवलं, पाणी दिलं. मी वाळूपासून सगळं सांगितलं. ते ऐकत होते, मध्ये एकदा सुपारी कातरली.

‘‘मला ठाऊक होतं,’’ ते म्हणाले. ‘‘गवंड्याने तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही कधी सांगताय ते बघत होतो.’’

मग उठले, आतून हातोडी घेऊन आले आणि म्हणाले, ‘‘आलाच आहात तर मागचा छज्जा बघून जा. गणपतीला पोरं त्याच्याखालीच खेळतात.’’

मागे शिडी लावली. चढून कडेपासून ठोकत गेलो. टण, टण, टण, आणि नळाच्या पाइपाजवळ आवाज बद्द झाला. हातभर पुढे परत एकदा बद्द. खिशातून खडू काढून मी दोन्ही ठिकाणी गोल केले आणि खाली उभ्या असलेल्या मालकांना म्हटलं, ‘‘यंदा पोरांना पुढच्या अंगणात खेळू द्या.’’