बडोद्याचे वड इन्फ्रारेडमध्ये: जुन्या ए५९०ची नोंदवही

दिवाळीची आवराआवर

कपाटाच्या खालच्या खणात कॅनन पॉवरशॉट ए५९० आयएस सापडला. २००८चं मॉडेल, आठ मेगापिक्सेल. दोन पेन्सिल सेल टाकले आणि लेन्स बाहेर आली, स्क्रीन उजळली. कॅमेरा विकून त्याचे काही यायचे नाहीत, आणि फेकायला मन होत नाही. इन्फ्रारेड प्रकाशात फोटो काढता यावेत म्हणून उघडायला मी इतके दिवस असाच एखादा कॅमेरा शोधत होतो.

याच मॉडेलवर मन बसायला कारणं आहेत. यात शटर आणि अॅपर्चर हाताने ठेवता येतं. सेल कुठल्याही पानाच्या गल्ल्यावर मिळतात. लेन्सभोवतीचं कडं काढलं की तिथे नळी बसते आणि तिच्या तोंडाशी ५२ मिलिमीटरचा फिल्टर लावता येतो. शिवाय कार्डावर सीएचडीके (कॅननच्या कॅमेऱ्यांसाठी हौशी लोकांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर) टाकलं की एरवी फक्त जेपेग देणारा हा कॅमेरा रॉ फाइलही (सेन्सरची कच्ची नोंद) देतो, थेट डीएनजी फॉरमॅटमध्ये. इन्फ्रारेडमध्ये व्हाइट बॅलन्स इतका ओढावा लागतो की रॉ नसेल तर हात बांधल्यासारखे होतात.

आधी टीव्हीच्या रिमोटची परीक्षा घेतली. रिमोटचा एलईडी साधारण ९४० नॅनोमीटरचा प्रकाश टाकतो, तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बटण दाबलं तर स्क्रीनवर फिकट जांभळा ठिपका लुकलुकला. म्हणजे सेन्सरला दिसतंय, पण त्याच्यापुढची काच बहुतेक सगळं अडवतेय. सिलिकॉनचा सेन्सर जवळजवळ ११०० नॅनोमीटरपर्यंत पाहू शकतो. रंग बिघडू नयेत म्हणून कंपन्या त्याच्यापुढे निळसर झाक असलेली एक काच बसवतात, आपल्यात तिला हॉट मिरर म्हणतात. ती काढायची, एवढंच काम. एवढंच असं तेव्हा वाटलं होतं.

पुढचा रविवार: आधी फ्लॅश

ज्यांना हे घरी करायचं आहे त्यांनी बाकी काही नाही वाचलं तरी हा भाग वाचा. फ्लॅशचा कपॅसिटर सुमारे ३०० व्होल्टला भरतो, आणि सेल काढले म्हणून रिकामा होत नाही. मी दोन दिवस आधी सेल काढून ठेवले होते, तरी मागचं झाकण उघडून मीटर लावला तर १४० व्होल्ट दाखवले. कपॅसिटरच्या दोन्ही पायांना एक किलोओहम, पाच वॉटचा रेझिस्टर लावायचा. त्याच्या तारांना इन्सुलेशन हवं आणि धरायला लांब दांड्याची चिमटी. काही सेकंद धरून पुन्हा मीटर लावायचा. आकडा दोन-तीन व्होल्टवर येईपर्यंत आत बोट घालायचं नाही. स्क्रू-ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढणारे लोक मी पाहिलेत. त्याने सर्किट जातं, आणि कधी हातही भाजतो.

स्क्रूंसाठी माझी पद्धत अशी: जाड पुठ्ठ्यावर कॅमेऱ्याची मागची बाजू रेखाटली, त्यावर दोन्हीकडून चिकटणारी टेप लावली आणि निघेल तो स्क्रू चित्रात त्याच जागी चिकटवला. यातले स्क्रू दिसायला सारखे पण लांबीला वेगळे असतात. लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला तर आतली पट्टी फुटते.

स्क्रीन उचलून बाजूला घेतली, रिबन केबलची खिट्टी नखाने वर केली. खाली पत्र्याची पट्टी, तिच्याखाली लेन्सच्या पाठीला तीन स्क्रूंनी धरलेला सेन्सर. तो सोडवायच्या आधी प्रत्येक स्क्रू किती फेऱ्यांत निघतो ते मोजून लिहिलं, परत बसवताना तेवढ्याच फेऱ्या द्यायच्या म्हणून. सेन्सरपुढे रबराची चौकट आणि चौकटीत ती काच होती, करंगळीच्या नखाएवढी. उजेडात तिरकी धरली की गुलाबी चमकते, सरळ धरली की निळसर हिरवी. इतक्या लहान तुकड्याने सगळा इन्फ्रारेड अडवून धरला होता.

धुळीसाठी न्हाणीघर बरं पडतं. गरम पाण्याचा नळ पाच मिनिटं सोडून वाफ बसू दिली की हवेतली धूळ खाली येते. मग दार लावून आत बसायचं. आपल्याकडे हिवाळ्यात हवा कोरडी असते, ओल लगेच उडते. पावसाळ्यात मी हे केलं नसतं, लेन्सला बुरशी धरायची.

काच काढली आणि रबराची चौकट रिकामीच ठेवून कॅमेरा बंद केला.

त्याच संध्याकाळी: दूरचं दिसेना

कॅमेरा सुरू झाला, याचा आनंद अर्धा तास टिकला. रिमोट आता टॉर्चसारखा पेटत होता. पण गच्चीवरून समोरच्या पाण्याच्या टाकीचा फोटो घेतला तर टाकी नुसता धुरकट डाग. शेजारचं घर तसंच, झाड तसंच. वर्तमानपत्राचं पान वितीभर अंतरावर धरलं तर अक्षर न् अक्षर लख्ख.

रात्री कागद घेऊन बसलो. काचेतून जाताना किरण वळतात आणि प्रतिमा जरा मागे सरकते. काचेचा अपवर्तनांक दीड धरला तर जाडीच्या एक तृतीयांश इतकी. व्हर्नियरवर माझ्या तुकड्याची जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास आली, म्हणजे सरकणं पाव मिलिमीटर. काच काढल्यावर दूरच्या वस्तूची प्रतिमा सेन्सरच्या पाव मिलिमीटर पुढेच तयार होऊ लागली. पाव मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. पण या कॅमेऱ्याची लेन्स वाइडला ५.८ मिलिमीटरची आहे. ५.८चा वर्ग ३३.६, त्याला ०.२५ने भागलं की आले साधारण १३५ मिलिमीटर. लेन्स अनंतावर ठेवली तर कॅमेरा साडेतेरा सेंटिमीटरवर फोकस होणार. टेलीला, २३.२ मिलिमीटरवर, तोच हिशोब दोन मीटरच्या थोडा पुढे जातो. गच्चीवर दिसलं ते हेच होतं.

इन्फ्रारेड स्वतः दृश्य प्रकाशापेक्षा किंचित मागे फोकस होतो. जुन्या हाताने फिरवायच्या लेन्सवर त्यासाठी लाल ठिपका असे. म्हणजे तो आपल्या बाजूने थोडी भरपाई करतो, पण इतकी नाही.

यातून जे कळलं ते सगळ्या मित्रांना सांगतोय: कॉम्पॅक्टमध्ये काच काढून जागा रिकामी ठेवू नका, आणि बदली काच मूळ काचेपेक्षा पातळ घेऊ नका. थोडी जाड चालेल. जाड काचेने प्रतिमा मागे जाते, लेन्सला थोडं जास्त पुढे सरकावं लागतं, आणि मॅक्रोसाठी तेवढी वाट तिच्याकडे असतेच. गेलंच तर अगदी जवळचं थोडं जाईल. कॉम्पॅक्टचा ऑटोफोकस सेन्सरवरचीच प्रतिमा बघून ठरतो, म्हणून तो आपोआप जुळवून घेतो. एसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो, तिथे जाडी बरोबरच साधावी लागते किंवा नंतर फोकस नव्याने लावून घ्यावा लागतो.

मधला आठवडा: काच

मायक्रोस्कोपची स्लाइड साधारण एक मिलिमीटर जाड असते. खिडकीची काच कडेने पाहिली तर हिरवी दिसते. तो हिरवेपणा लोखंडाचा, आणि तेच लोखंड इन्फ्रारेडही थोडा खातं. पण एक मिलिमीटरमध्ये ते जाणवत नाही. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून स्लाइडची डबी आणली आणि रावपुऱ्यात तसबिरी मढवणाऱ्या एका भाईंकडे गेलो. त्यांनी स्लाइड उजेडात धरली, मी कागदावर काढलेला चौकोन बघितला आणि म्हणाले, "आटलो नानो काच? भांगी जशे." (एवढी लहान काच? फुटेल.)

"भांगे तो भांगे, भाई. आखी डबी लाव्यो छुं," मी म्हटलं. (फुटली तर फुटली, अख्खी डबी आणलीय.)

हिरा पट्टीला लावून त्यांनी एकाच दाबात रेघ ओढली. पाच स्लाइड गेल्या, सहावीतून हवा तसा चौकोन निघाला. पुन्हा रेघ फिरवली तर काच फुटणारच, असं त्यांनी सांगितलं. घरी मी जे दोन तुकडे फोडले ते दुसऱ्यांदा रेघ फिरवूनच. पैसे घेईनात. शेवटी फोटो आले की दाखवायला येईन असं कबूल करून निघालो.

चौकोनाच्या कडा पाण्यात बुडवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर घासल्या, स्पिरिटने पुसल्या. काच मूळपेक्षा जाड, म्हणून रबराची चौकट एका बाजूने उचलली जात होती. ब्लेडने तिची आतली ओठासारखी कड किंचित तासली तेव्हा काच सपाट बसली. पुन्हा न्हाणीघर, पुन्हा वाफ, पुन्हा मोजलेल्या फेऱ्या. गच्चीवर गेलो. टाकीवरच्या शिडीच्या पायऱ्या मोजता आल्या.

आत थेट काळी इन्फ्रारेड काच न बसवता पारदर्शक का बसवली, असं एका मित्राने विचारलं. आता कॅमेरा सगळंच पाहतो, आणि काय अडवायचं ते पुढचा फिल्टर ठरवतो. उद्या ५९० नॅनोमीटरचा, म्हणजे त्याच्या पुढच्या तरंगलांबीचाच प्रकाश आत सोडणारा, लावला तर पानं सोनेरी करता येतील. स्क्रीनवर बघूनच फोटो काढायचा असल्याने पुढे काळा फिल्टर असला तरी अडत नाही.

आत्याची पाकिटं

फिल्टर यायला वेळ होता. तोवर जुनी युक्ती करून पाहिली. धुतलेल्या रंगीत निगेटिव्हच्या रोलचं सुरुवातीचं टोक उजेड खाऊन काळं पडलेलं असतं. तो काळेपणा रंगद्रव्यांचा, आणि ती द्रव्यं इन्फ्रारेडला पारदर्शक असतात. कृष्णधवल फिल्मचं टोक चालत नाही, कारण तिथला काळेपणा चांदीचा आणि चांदी सगळंच अडवते.

दांडिया बाजारात आत्याकडे तीन लग्नांची आणि दोन मुंजींची निगेटिव्ह आहेत. "आत्या, मला फोटो नकोत, फक्त काळी टोकं हवीत," म्हटल्यावर तिने चष्मा पुसला, एकेक पट्टी खिडकीशी धरून बघितली आणि टोकं स्वतः कापून दिली. "माणसं असलेलं एकही कापायचं नाही हं." दोन पदर एकावर एक ठेवून पुठ्ठ्याच्या कड्यात बसवले. चित्र थोडं मऊ येतं, उन्हाकडे तोंड केलं तर पांढरी झळ पसरते, पण इन्फ्रारेड दिसतो. पहिला फोटो आत्याच्या अंगणातल्या तुळशीचा. पानं बर्फासारखी, वृंदावन राखाडी. तो छापून तिला दिला, देवघराशेजारी लावलाय.

कमाटी बाग

७२० नॅनोमीटरचा फिल्टर आल्यावरचा पहिला रविवार. बडोद्याचं नावच वडावरून पडलंय. इ.स. ८१२च्या ताम्रपटात या गावाचा वडपद्रक म्हणून उल्लेख आहे. म्हणून पहिली खरी फेरी वडांचीच, हे मी दिवाळीतच ठरवलं होतं.

गवताकडे कॅमेरा धरून कस्टम व्हाइट बॅलन्स घेतला. त्याआधी स्क्रीन नुसती लालबुंद होती, घेतल्यावर गवत पांढरं आणि आकाश विटकरी तपकिरी झालं. घरी जिम्प या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये लाल आणि निळ्या चॅनलची अदलाबदल केली की तेच आकाश निळं होतं.

एफ/४, १/१२५, आयएसओ ८०, हातात धरून. हाच फिल्टर मी हात न लावलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर लावला होता तेव्हा कडक उन्हातही ट्रायपॉडवर काही सेकंद मोजावे लागले होते. वारा असला की पानांचा लगदा. आता पान न् पान सुटं.

आणि वड! पानांचा सगळा घुमट पांढरा पेटलेला, आणि त्यातून खाली उतरणाऱ्या पारंब्या गडद. दिवसाउजेडी हिरव्या-तपकिरीच्या गर्दीत पारंब्यांची मांडणी डोळ्यांना कधी दिसत नाही. इथे प्रत्येक पारंबी कुठून निघाली आणि कुठे जमिनीत शिरली ते दिसतं. मी त्या एका झाडाभोवती दीड तास फिरलो.

बरेच जण विचारतात म्हणून: ही उष्णता नव्हे. उष्णता दाखवणारे कॅमेरे ८ ते १४ मायक्रोमीटरवर चालतात आणि तो प्रकाश साध्या काचेतून जातच नाही. आपला इन्फ्रारेड सूर्याचाच, लालच्या जरा पलीकडचा. हरितद्रव्य लाल आणि निळा शोषतं, पण याला अडवत नाही. पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या तो सगळ्या दिशांना परत उधळतात. अमेरिकेतल्या रॉबर्ट वुड यांनी १९१०मध्ये असे फोटो प्रसिद्ध केले, त्यांच्या नावावरून याला वुड परिणाम म्हणतात.

बागेतल्या पुलावरून विश्वामित्री नदीचे फोटो घेतले. पाणी शाईसारखं काळं आलं. ८५० नॅनोमीटरचा प्रकाश हवेत ४५० नॅनोमीटरच्या निळ्याच्या सुमारे तेराव्या हिश्श्याइतकाच विखुरतो, म्हणून आकाश गडद, आणि पाण्यात त्याच आकाशाचं प्रतिबिंब. काठावर एक मगर ऊन खात पडली होती. एरवी ती चिखलात मिसळून जाते. पांढऱ्या गवतामुळे या फोटोत तिची पाठ शेपटापर्यंत उठून दिसते. संग्रहालयाची इमारत मात्र मला साधली नाही. भिंती, छप्पर, फरशी सगळं एकाच राखाडीत मिसळलं. झाडांशिवाय इन्फ्रारेडला फार काही सांगायचं नसतं, असं माझं मत होत चाललंय.

उत्तरायण

१४ जानेवारी, सकाळपासून गच्चीवर. आकाशात लाल, हिरवे, जांभळे पतंग, आणि माझ्या स्क्रीनवर बहुतेक सगळे पांढरे. कागदाचे रंग इन्फ्रारेडला पारदर्शक असतात. काळ्या आकाशात शेकडो पांढरे चौकोन. शेजारच्या मुलाने स्क्रीन बघून विचारलं, "काका, माझा कुठला?" सांगता येईना. मग त्याने दोरीला झटका दिला आणि जो हलला तो त्याचा.

आता अडलंय ते एकाच जागी. एफ/८ ठेवलं की चित्राच्या मधोमध फिकट गोल डाग उमटतो. आतल्या लेन्सांचं कोटिंग दृश्य प्रकाशासाठी केलेलं असतं, इन्फ्रारेड आतल्या आत परावर्तित होत राहतो. एफ/४पर्यंत डाग दिसत नाही. या रविवारी पांढऱ्या भिंतीसमोर झूमच्या पाच आणि अॅपर्चरच्या चार जागा बदलून वीस फोटो घेणार आहे, म्हणजे डाग कुठे सुरू होतो ते नेमकं कळेल. आणि भाईंना वडाचा फोटो दाखवायचा राहिलाय, तो मोठा छापायला टाकलाय. मढवायला त्यांच्याकडेच देईन.