गुडघ्यावरची फांदी

फाटकापासून दारापर्यंत येणाऱ्या पायवाटेच्या कडेला मी कांचन लावला. खड्डा आणखी दोन हात आत घ्यायला हवा होता, हे रोपाने चांगलं मूळ धरल्यावर लक्षात आलं. त्याची डावीकडची एक फांदी बरोबर गुडघ्याच्या उंचीवर वाटेत आडवी झाली. पाऊस पडून गेला की ती येणाऱ्याजाणाऱ्याची विजार एका बाजूने भिजवायची. आई म्हणायची, "अरे, काढ की ती. किती दिवस वाकडं चालायचं आम्ही?"

"राहू दे गं. झाड वाढलं की जाईल वर."

हे मी इतक्या खात्रीने म्हणायचो की वाद तिथेच मिटायचा. झाड वर चाललंय, तर फांदी काय खाली थांबणार आहे? माझ्या डोळ्यांसमोर लिफ्टसारखं काहीतरी असावं. एकदा सहज, आधाराच्या काठीवर फांदीच्या पातळीला रंगाची एक रेघ ओढून ठेवली. वर्षभरात कांचन माझ्या डोक्यावरून गेला. रेघ आणि फांदी मात्र अजून एकमेकींच्या तोंडाकडे बघत होत्या.

झाडाची उंची वाढते ती शेंड्यांशी. खालचं खोड एकदा तयार झालं की ते फक्त जाड होतं, तसूभरही वर सरकत नाही. जमिनीपासून दीड फुटावर फुटलेली फांदी झाड तीस फुटांचं झालं तरी दीड फुटावरच असते. उलट वजनाने वाकते, म्हणजे तिचा शेंडा आणखी खालीच येतो. खोडावर बदाम कोरून नावं लिहिणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. वीस वर्षांनी परत आलात तर माना उंचावून शोधू नका. नावं तिथेच, छातीच्या उंचीला असतील, फक्त आडवी फुगलेली. (कोरूही नका, सालीखालून झाडाचं अन्न वाहतं. पण प्रेमात पडलेला माणूस असलं काही ऐकून घेत नाही.)

म्हणजे आई बरोबर होती, फांदी जायलाच हवी. पण लगेच नाही. या 'लगेच'पायी मी याआधी एका झाडाचं वाटोळं केलं आहे.

ते कांचनाच्या आधीचं झाड. नवा सिकेटर हाती आला होता, आणि नवं हत्यार हातात असलं की सगळं जग छाटायला झालेलं दिसतं. एका सकाळी मी त्या पोराला खालून वरपर्यंत सोलून काढलं. खाली सरळसोट काठी आणि टोकाला पानांचा झुबका, चित्रातल्यासारखं. दहा पावलं मागे जाऊन मी त्याच्याकडे बघितलं आणि स्वतःवरच खूश झालो. पुढच्या वाऱ्यात ते कमरेत वाकलं. काठीला घट्ट बांधलं, तर उभं राहिलं. वर्षाने दोरी सोडली, तर पुन्हा वाकलं. खोड बुडाशी जेवढं होतं तेवढंच वर, उसनं आणल्यासारखं.

नंतर कळलं ते असं. खालच्या फांद्यांची पानं जे अन्न बनवतात त्यातलं बरंचसं त्यांच्या खालच्या खोडाच्या वाट्याला जातं. बुंधा जाड होतो, खोड वर निमुळतं होत जातं, आणि या निमुळतेपणातच वाऱ्याला तोंड द्यायची ताकद असते. शिवाय उन्हाच्या तडाख्यात कोवळ्या सालीवर सावली धरायचं कामही त्याच फांद्या करतात. मी सावली काढली, रसद तोडली, आणि वर सगळं वजन टोकाला नेऊन ठेवलं.

घट्ट बांधणं ही त्यावरची दुसरी चूक. डोललं की खोड जास्त जाड होतं. मॉर्डेकाय जॅफ या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने रोपांची खोडं रोज थोडा वेळ नुसती बोटांनी चोळली, तर ती उंच वाढायची मंदावली. स्पर्शाने आणि हलण्याने झाडाची घडण बदलते या प्रकाराला त्याने 1973 मध्ये एक लांबलचक ग्रीक नावही दिलं. ते उच्चारायला मला दोन श्वास लागतात, म्हणून इथे लिहीत नाही. काठी लावायचीच तर खोडाला थोडं झुलता येईल अशी सैल बांधावी आणि मुळं धरली की काढून टाकावी, एवढं त्यातून मी घेतलं. इथे पोरं वाढवण्याची उपमा अगदी जिभेवर येते. ती मी छाटली आहे.

तर कांचनाच्या वेळी मी शहाण्यासारखा वागलो, म्हणजे बहुतेक वेळ काहीच केलं नाही. गुडघ्यावरची फांदी आणि तिच्या आजूबाजूच्या चार-पाच जणी, या सगळ्या तात्पुरत्या, असं मनाशी ठरवलं. त्या कापायच्या नाहीत, नुसते शेंडे मारायचे. शेंडा मारला की फांदीचा जोर कमी होतो, ती खोडाशी बरोबरी करत नाही, पण पानं ठेवून बुंध्याला पोसत राहते. आईला यातलं काही पटलं नाही. "अर्धी कापलीस ती? कापायची तर पूर्ण काप!" अर्धं काम बघवत नाही तिला. पण वाट मोकळी झाली होती, त्यामुळे ती पुढे काही बोलली नाही.

मग दरवर्षी नवी पालवी फुटायच्या आधी एक-दोन मुळापासून काढायच्या. एका वर्षात झाडाच्या एकूण पानांपैकी पाव हिश्शाहून जास्त काढू नये, आणि कोवळ्या झाडाच्या उंचीचा वरचा दोन तृतीयांश भाग तरी फांद्यापानांचा राहू द्यावा, असा सर्वसाधारण हिशेब आहे. भूक याहून मोठी असते. एक फांदी काढली की शेजारची डोळ्यांवर येते, ती काढली की समोरची. केस कापणाऱ्याने दोन्ही कल्ले सारखे करता करता टक्कल करावं, तसं होतं. मी त्यावर उपाय काढलाय. कोणती फांदी काढायची ते आदल्या दिवशी ठरवून तिला सुतळी बांधतो, आणि दुसऱ्या दिवशी सुतळी नसलेल्या फांदीला हात लावत नाही. निदान लावू नये असं ठरवतो.

थांबायलाही मर्यादा आहे. तात्पुरती म्हणून ठेवलेली फांदी खोडाच्या निम्म्या जाडीला पोहोचली तर उशीर झाला. अंगठ्याएवढी जखम झाड लवकर झाकून टाकतं. मनगटाएवढी झाकायला वर्षं जातात, आणि तेवढ्यात आत कूज शिरते.

जखम 'भरते' असं आपण म्हणतो, पण झाडाची जखम भरत नाही. कातडीसारखी जुन्या जागी नवी पेशी तिथे येत नाही. झाड दुखऱ्या भागाभोवती आतून भिंती घालतं आणि बाहेरून त्यावर नवं लाकूड चढवत जातं. अॅलेक्स शायगो हा अमेरिकेच्या वनखात्यातला संशोधक झाडं यांत्रिक करवतीने उभी चिरून आतली कूज कुठवर जाते ते बघत असे. त्याने 1977 मध्ये हे भिंतींचं गणित मांडलं. कापावं कुठे, हेही त्यातूनच नीट समजलं. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर वळी असते, बाहीच्या कफसारखी. खोडाच्या या भागातच झाड भिंत घालतं. काप तिच्या अगदी बाहेरून घ्यायचा. खोडालगत गुळगुळीत कापलं तर वळीच जाते. लांब खुंट ठेवला तर तो वाळून कुजतो. मी पूर्वी गुळगुळीतच कापायचो आणि वर उरलासुरला ऑइलपेंट फासायचो. दिसायला नेटकं. रंगाने कूज थांबत नाही, उलट ओल आत कोंडली जाते. झाडाला आपल्या मलमपट्टीची गरज नसते, हे स्वीकारणं फासणाऱ्यालाच जड जातं.

मी लिहितो त्या लाकडी टेबलावर उजव्या कोपऱ्यात एक काळसर गाठ आहे. इतकी वर्षं मी तिला लाकडातला दोष समजत होतो. ती फांदी आहे. कुणीतरी कापलेली किंवा आपसूक गळालेली, आणि नंतर खोडाने गिळून टाकलेली. ती कोणत्या उंचीवर असेल, कुणाच्या वाटेत येत असेल, असा विचार करत मी बऱ्याचदा त्या गाठीवर चहाचा कप ठेवतो.

यंदा गुडघ्यावरचीचा नंबर लागला. आदल्या दिवशी सुतळी बांधली. सकाळी सिकेटरची पाती स्पिरिटने पुसली, कापणारं पातं खोडाच्या बाजूला येईल असा तो धरला. दुसरी बाजू दाबली जाते आणि चेचते, ती फांदीकडे गेलेली बरी. एकच कट्‌. तीन वर्षं ज्या फांदीवरून बोलणी खाल्ली ती हातात आली तेव्हा जेमतेम दोन वीत लांबीची होती, वर सात-आठ पानं. आईला दाखवली. "एवढीशीच होती?" ती म्हणाली.

खोडावर नाण्याएवढा ओला, फिकट गोल राहिला. काठी मी गेल्याच वर्षी काढली होती, आणि वारा आला की कांचन बुडापासून सावकाश हलतो. वाट आता पूर्ण मोकळी आहे. दुपारी आई फाटकाची कडी लावायला गेली, आणि परत येताना झाडापाशी सवयीने अर्धं पाऊल उजवीकडे सरकली. तिच्यामागून मी येत होतो. मीही सरकलो.