तुम्ही विचारलंत म्हणून : अक्षरं दिसतात, मग नस कशाला तपासता?

थायरॉईडमुळे डोळे बटबटीत झालेले पेशंट औसा, निलंगा, अहमदपूरकडून आमच्याकडे लातूरला येतात. सोबतचे लोक हमखास विचारतात, "म्याडम, शेवटची ओळ वाचली की तिनं. मग ते रंगाचं पुस्तक अन् टॉर्च कशापायी?"

कारण डोळा किती बाहेर आलाय, यावरून नसेचं, म्हणजे डोळ्याला दिसलेलं मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूचं, काही कळत नाही. या आजारात डोळा हलवणारे स्नायू सुजतात. खोबणीच्या मागच्या टोकाला जागा अगदी अरुंद, तिथं ते नसेला दाबतात. डोळा पुढं सरकला तर आतला दाब थोडा तरी हलका होतो. म्हणून डोळा फारसा बाहेर नाही, पण खोबणी ठासून भरलीय, अशा पेशंटची मला जास्त काळजी वाटते. नस दाबली जाते ती शंभरातल्या साधारण ५ जणांची, पण उशीर झाला तर गेलेली नजर परत येईलच असं नाही.

अक्षरं शाबूत असतानाच रंग फिका पडू शकतो. म्हणून एकेक डोळा झाकून इशिहाराच्या पुस्तकातले, म्हणजे रंगीत ठिपक्यांत लपलेले, आकडे वाचायला लावते. आकडे येत नसतील तर त्यातली वळणांची रेघ बोटानं गिरवायची. मग थेंबांच्या बाटलीचं लाल झाकण धरते. एक मावशी म्हणाल्या होत्या, "लालच हाय, पण ह्या डोळ्यानं विटल्यावानी दिसतंय." तेवढं वाक्य मला पुरलं. त्याच दिवशी सिटी स्कॅनला पाठवलं.

टॉर्च या डोळ्यावरून त्या डोळ्यावर नेताना बाहुली आकसायच्या ऐवजी पसरली, तर त्या बाजूची नस कमजोर. मात्र दोन्ही नसा सारख्याच दाबल्या असतील तर टॉर्चला फरक सापडत नाही. म्हणून दृष्टिक्षेत्राची, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं कुठवर दिसतं याची, तपासणीही करते. आणि हे सगळं बाहुली मोठी करायचे थेंब घालण्याआधी. थेंब पडले की बाहुली काही सांगत नाही. डोळ्याच्या आतला पडदा पाहून 'नस चांगली आहे' असं म्हणणंही धोक्याचं, दाबलेली नस वरून निरोगी दिसू शकते.

नस दाबलेली निघाली तर सलाईनमधून स्टिरॉइड, त्यानं भागलं नाही तर खोबणी मोकळी करायचं ऑपरेशन. घरात बिडी-सिगारेट असेल तर ती आजच बंद करा, तिनं हा आजार बळावतो. आणि घरी अधूनमधून एकेक डोळा झाकून कुंकवाचा करंडा बघत जा. दोन डोळ्यांना लाल रंग वेगवेगळा दिसला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता निघून या.