१४ नंबर धरलं आणि १७ नंबर हललं

ऑक्टोबरमधे तुंगनाथहून परत आले त्याला आता तीन महिने होतील, तरी तो एक प्लॉट डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून काढतेय.

काम काय ते थोडक्यात, डोंगरउतारावर ठरावीक मापाचे प्लॉट आखून त्यातली झुडपं मोजायची. गढवालमधे चोपत्याहून तुंगनाथची वाट चढायला लागलं की खरसू ओक आणि फरचं जंगल लागतं, साधारण ३३०० मीटरच्या आसपास मोठी झाडं संपतात, आणि तिथून बुग्यालांच्या, म्हणजे उंचावरच्या कुरणांच्या, गवताकडं जाताना पुरुषभर उंचीच्या वाकड्यातिकड्या झुडपांचे दाट पट्टे लागतात. तिथं कुणी थांबत नाही, सगळ्यांना मंदिर (३६८० मीटर) आणि पुढं चंद्रशिला गाठायची घाई असते, आणि घाईत वळणावळणाची फरसबंद वाट सोडून सरळ उतारावरनं शॉर्टकट मारतात, त्याच्या पावसाळ्यात घळी होतात, याचा मला फार राग येतो. ही झुडपं म्हणजे सेमरू, ऱ्होडोडेंड्रॉन कॅम्पॅन्युलेटम. लाल फुलांचा बुरांश खालच्या जंगलातला, हा त्याचा वरच्या थंडीतला भाऊ, मे महिन्यात फिकट जांभळा ते पांढरा फुलतो. पानाची मागची बाजू तांबूस फेल्टसारखी लागते. पानात विष असतं त्यामुळं गुरं तोंड लावत नाहीत. कडक थंडीच्या सकाळी सगळी पानं विडीसारखी गुंडाळून खाली लोंबत असतात आणि ऊन आलं की हळूहळू उलगडतात, मी हे कितीदा पाहिलंय पण अजून दर वेळी उभी राहून बघते.

जिथं झाड जगत नाही तिथं झुडूप कसं जगतं, तर उंच झाडाचा शेंडा वाऱ्यात असतो, त्याला हवेइतकीच थंडी सोसावी लागते, आणि वाढीच्या महिन्यांतलं सरासरी तापमान ६ अंशांच्या आसपास आलं की लाकूड बनायचंच थांबतं. झुडूप जमिनीला धरून राहतं, फांद्यांच्या आत उन्हाची ऊब अडकून राहते, हिवाळ्यात वर बर्फाचं पांघरूण. पण त्याच बर्फाचं वजन फांद्यांना उताराच्या दिशेनं दाबत राहतं, म्हणून बुंधे आधी खाली वाकून मग वर वळलेले दिसतात. हे मला पाठ होतं. त्याचा पुढचा अर्थ मात्र मी लावलाच नव्हता.

आमचा प्लॉट ५ बाय ५ मीटरचा. ऐकायला सोपं आहे, पण ४० अंशांच्या उतारावर ५ मीटर टेप टाकला तर नकाशावर ते अंतर जेमतेम ३.८ मीटर भरतं. खरे ५ मीटर हवे असतील तर उतारावर साडेसहा मीटर मोजावे लागतात. हे न करणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांचे आकडे छापूनही येतात. आम्ही प्रत्येक प्लॉटला क्लिनोमीटर लावून, म्हणजे उताराचा कोन मोजून, दुरुस्ती करायचो. मग आत शिरून, खरं तर पोटावर सरपटत, प्रत्येक बुंध्याला ॲल्युमिनियमचा टॅग, घेर, उंची. एक बुंधा एक झाड. ही सवय मला कारवीनं लावली असावी, मी साताऱ्याकडची, एमएस्सीला कारवीवर काम केलं होतं. कारवी ७-८ वर्षांनी एकदाच फुलते, बी टाकते आणि मरते, पुढच्या पावसात बियांतून सगळी एकदम उगवते, म्हणजे रानच्या रान एकाच वयाचं. तिथं मोजणं सोपं होतं.

त्या दिवशी ३१ टॅग लावून झाले होते. उठताना पाय शेवाळावरनं सटकला आणि मी १४ नंबरचा बुंधा घट्ट धरला. खालच्या बाजूनं आमचा टेप धरणारे भैजी ओरडले, "दीदी, इधर क्या हिला?" त्यांच्याजवळचं १७ नंबर हललं होतं, माझ्यापासून दोन मीटर खाली. वारा अजिबात नव्हता. मी परत हलवलं, परत हललं.

मग आम्ही हातानं पालापाचोळा आणि शेवाळ बाजूला केलं. १४ ची एक जुनी फांदी, मनगटाएवढी, जमिनीत गाडली गेलेली, खालनं मुळं फुटलेली, आणि तिचंच टोक पुढं वर येऊन १७ झालेलं. १७ मधून आणखी खाली २२. दुपारभर आम्ही एवढंच केलं, एकानं हलवायचं आणि दुसऱ्यानं बघायचं. अंधार पडायच्या आत ३१ पैकी १९ टॅग तीन झाडांवर आले. बाकीच्यांचं नक्की सांगता येईना, कारण मधली फांदी कुजून गेली असेल तर हलवून काय कळणार. भैजी म्हणाले हे तर त्यांना लहानपणापासून माहीत आहे. मी विचारलंच नव्हतं. तीन सीझन ते आमचा टेप धरतायत.

ऑफिसात सांगितलं तर उत्तर आलं, कॉलमचं हेडिंग बदला, 'झाडं' ऐवजी 'बुंधे' लिहा, झालं. मला हे पटत नाही, कारण आमच्या आधीच्या रिपोर्टात बारीक बुंध्यांना आम्ही 'नवी रोपं' म्हटलंय आणि झुडपांची पिढी जोमात वाढतेय असा निष्कर्ष काढलाय. ती रोपं नसतील तर ते एखादं म्हातारं झाड उतारावरनं एकेक पाऊल खाली टाकतंय, आणि नवीन कुणी जन्मालाच येत नसेल. या दोन गोष्टी एकदम उलट्या आहेत. बी धुळीइतकं बारीक, त्याला ओलं शेवाळ लागतं, त्यातून आलेली रोपं मी तीन सीझनमधे नक्की किती पाहिली हे आता छातीठोक सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र यातून वाचते असं वाटतं. बर्फ फांदी खालीच ढकलतो, वर नाही. म्हणजे पट्ट्याच्या वरच्या कडेला, गवतात, जुन्या झाडांच्या वर जी एकटीदुकटी छोटी उभी आहेत ती बियांचीच असण्याची शक्यता जास्त. झुडपांचा पट्टा डोंगरावर आणखी वर सरकतोय हे म्हणणं त्यामुळं टिकेल कदाचित, पण तेवढ्याच आकड्यांवर, आणि ते आकडे फार थोडे आहेत.

मे महिन्यात परत जायचंय. फुलांचा रंग झाडागणिक थोडा वेगळा असतो, तेव्हा फुलोऱ्यात १४, १७ आणि २२ शेजारी धरून बघणार. कुठले बुंधे एकाच झाडाचे ते डीएनएवरनं कळावं म्हणून पानं सिलिका जेलमधे सुकवून आणायचीत, अभयारण्य आहे त्यामुळं त्याची परवानगी लागते, अर्ज मागच्या आठवड्यात दिला. निघताना १४ आणि १७ चे टॅग मी काढले नाहीत, दोन्ही एकाच तारेनं बांधून ठेवलेत.