टाकीवरच्या सेन्सरने खाल्लेले माझे तीन रविवार

आमची सोसायटी ऐरोलीत, सात मजली, आम्ही टॉप फ्लोअरला. वॉचमनकाका पंप बंद करायचे विसरले की टाकी ओव्हरफ्लो आणि पाणी धो धो आमच्या गॅलरीत. म्हटलं बास, आता आपणच काहीतरी करू. लॅमिंग्टन रोडवरून ईएसपी32 चा छोटा बोर्ड आणला, म्हणजे प्रोग्राम टाकून चालवायचा चिमुकला कॉम्प्युटरच, वायफाय-ब्लूटूथ सगळं त्यातच, आणि सोबत वॉटरप्रूफ अल्ट्रासोनिक सेन्सर, जो आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि त्याचा प्रतिध्वनी किती वेळाने येतो त्यावरून पाणी किती लांब आहे ते मोजतो.

पहिला रविवार केबलने खाल्ला. लॅपटॉपला बोर्ड दिसेचना, ड्रायव्हर टाकले, काढले, परत टाकले, दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि संध्याकाळी भाची म्हणते मामा ही माझी केबल लावून बघ. लगेच दिसला! माझी केबल नुसती चार्जिंगची, आत डेटाच्या वायरीच नाहीत. मग बोर्डात प्रोग्राम अपलोड करताना स्क्रीनवर नुसते ठिपके ठिपके, तेव्हा बूट बटण दाबून धरायचं असतं हे कळलं. वायफायचं पण तेच, हा बोर्ड फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतो, मी आपला 5 वालं नाव टाकून बसलेलो.

सेन्सर 5 व्होल्टचा आणि बोर्डाच्या पिना 3.3 च्या, त्यामुळे सेन्सरकडून बोर्डाला सिग्नल आणणाऱ्या एकोच्या वायरीत 1के आणि 2केचे (किलोओहमचे) रेझिस्टर लावून व्होल्टेज खाली आणलं, हे टाळू नका, पिन जाते.

खरी गंमत गच्चीवर. टाकी अर्धी असताना रीडिंग एकदम करेक्ट, आणि भरत आली की वेड्यासारखे आकडे. म्हणजे नेमकं जेव्हा पाहिजे तेव्हाच! सेन्सर झाकणाला लावलेला, आणि याला साधारण 20-25 सेंटीमीटरच्या आतलं दिसतच नाही. शेवटी झाकणाला भोक पाडून फूटभर पीव्हीसी पाइप उभा केला आणि सेन्सर त्याच्या वरच्या टोकाला. पाइप बारीक घेतला तर आवाज भिंतीलाच आपटतो, म्हणून चार इंची घेतला.

पॉवरबँकेवर चालवायचा प्रयत्न फसला, वीज वाचवायला बोर्ड मध्ये मध्ये झोपला की करंट इतका कमी की पॉवरबँकेला वाटतं काही लावलंच नाही आणि ती बंद. आता लिफ्टच्या खोलीतून वायर ओढून मोबाइलच्या चार्जरवर चालू आहे.

टाकी भरली की मला मेसेज येतो, अगदी वेळेवर येतो. पंप मात्र तळमजल्यावर, आणि काका गेटवर नसले की सात मजले खाली मीच पळतो. रिले, म्हणजे बोर्डाच्या सिग्नलवर चालणारा स्विच, लावून पंप आपोआप बंद करू का म्हणून सेक्रेटरींना विचारलं, तर म्हणाले जनरल बॉडीत विषय घेऊ.